विजयाबाईंचं फ्रेंच

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या विजया देशकरबाईंनी बावीस वर्षं घरी फ्रेंच शिकवलं, पण फ्रेंच बोलणारा माणूस काही त्यांना भेटला नव्हता. लग्नाआधी नागपूरच्या वर्गात त्या शिकल्या, आणि तिथले सरही पुस्तकातूनच शिकलेले. तरी पोरांच्या शंकेपुढे बाई कधी अडल्या नाहीत.

"मॅडम, फ्रेंचमध्ये टेबल बाई काहून?"

"आपली खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते. तुले कधी प्रश्न पडला काहून?"

गाव पाहायला जाणं आणि मामाला भेटायला जाणं, याला तिकडे वेगळी क्रियापदं का. 'तू' कुणाला म्हणायचं, 'तुम्ही' कुणाला. हे त्या इतकं सोपं करून सांगत की हिंदीत उत्तरं देणारी पोरंही मान डोलवत.

त्यांचा जुना विद्यार्थी शेखर नवा रायपूरच्या एका कार्यालयात लागला होता. एक दिवस तो धावत आला.

"मॅडम, बसच्या कामासाठी फ्रान्सहून चार जण येऊन राहिले. दुभाष्या म्हणून मी तुमचंच नाव दिलं."

बाईंनी आठ दिवस थांबा, फेरी, मार्ग असे शब्द घोकले. कोशाची रेशमी साडी नेसून त्या बैठकीला गेल्या. पाहुण्यांतली एक बाई बोलू लागली. कुठे एक शब्द संपतो, कुठे दुसरा सुरू होतो, विजयाबाईंना काही कळेना. त्यांनी अगदी शुद्ध फ्रेंचमध्ये विनंती केली, "कृपया पुन्हा सांगाल का?" ती बाई हसून पुन्हा बोलली. मग तिसऱ्यांदा. शेखरच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. उरलेली बैठक इंग्रजीत झाली. विजयाबाई तिथेच दोन तास बसून राहिल्या. चहा मात्र त्यांनाही मिळाला.

मधे साहेबांनी काहीतरी विचारलं, तेव्हा पाहुण्यांतला एक तरुण शेजाऱ्याकडे वळून खांदे उडवत "शेपा" म्हणाला होता. परतताना, त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर, बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. 'शेपा' म्हणजे 'ज न से पा', बोलताना आवळलेलं. मला माहीत नाही. तिसऱ्या धड्यातलं वाक्य! पोरांकडून हजारदा म्हणवून घेतलेलं, आणि तेही ओळखता आलं नाही.

"त्यांची बोलीच वेगळी असन, मॅडम. मनावर नका घेऊ," गाडी चालवता चालवता शेखर म्हणाला.



त्या महिन्यात त्यांनी पोरांना दुसरीकडे जायला सांगितलं. "काहून बंद करून राहिली?" यजमान शामरावांनी दोनदा विचारून पाहिलं. एकटी मंजिरी तेवढी वही घेऊन येत राहिली. भूतकाळात कुठल्या क्रियापदाला कुठलं सहायक क्रियापद लागतं, हे तिला कळत नव्हतं. बाईंनी सगळे अपवाद सांगितले, एकही चुकला नाही. मंजिरी भराभर लिहून घेत होती. तिच्या त्या खाली झुकलेल्या मानेकडे पाहताना बाईंना वाटलं, आपण या पोरीला फसवतोय.

"उद्यापासून येऊ नको, बेटा," त्या म्हणाल्या.

मंजिरीने कारण विचारलं. बाईंनी नुसती तिची वही मिटून तिच्या हातात दिली.