इजिप्तच्या बाईचा वाटा

आता हसा नाहीतर रडा, पण माझ्याइतका घोळ अख्ख्या बहरीनमध्ये कुणी घातला नसेल!

आमच्या मराठी मंडळात बायकांचा कार्यक्रम होता. प्रत्येकीने इतिहासातली एक बाई व्हायचं. मी झाले प्राचीन इजिप्तची गृहिणी. लेकीच्या शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं, तिथे म्हणे बायकांना वडिलांच्या इस्टेटीत वाटा मिळायचा, वेळ पडली तर त्या न्यायालयातही उभ्या राहायच्या. आपल्याला काय, पांढरी चादर नेसायची नि काजळ फासायचं!

भाषण पाठ केलं, फोनवर रेकॉर्ड केलं आणि मंडळाच्या ग्रुपवर पाठवलं. म्हणजे, मला तसं वाटलं. दोन्ही ग्रुपवर गणपतीचाच फोटो हो! ते गेलं माझ्या माहेरच्या ग्रुपवर.

आवाज माझाच, खणखणीत. "वडिलांच्या इस्टेटीत भावाइतकाच माझा वाटा आहे. नाही दिलात तर मी न्यायालयात जाईन!"

आणि वेळ बघा. बाबा गेल्यावर गुहागरचं घर नि आंब्याची बाग धाकट्या भावाच्या नावावर व्हायची होती. माझ्या हक्कसोडाचे कागद इथे येऊन पडले होते. लीव मिळेना, म्हणून एम्बसीत जाऊन सही करायची तेवढी राहिली होती.

भावाचा फोन आलाच. "ताई, कोर्टात जाणारेस तू?"

"अरे, ती मी नाही! ती इजिप्तची बाई!"

"म्हणजे वकीलसुद्धा तिकडचीच केलीस?"

मागे भावजयीचं मुसमुसणं. मग आईने फोन ओढून घेतला. "तुला काय कमी आहे गं तिकडे? भावाच्या ताटातलं ओढतेस?"

नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर तो मीना सलमान बंदरावरच्या गोदामातून ओरडला, "उद्या सही करून टाक. खलास!"

ही खरंच मागत असेल तर हिचं चुकलं काय, हे एकाच्याही मनात येऊ नये? राग आला मला. फार आला. पण त्याहून जास्त घाई झाली चांगली ठरायची! सकाळी ऑफिसला दांडी मारली, टॅक्सी केली, सही ठोकली, फोटो ग्रुपवर टाकला. लगेच भावाचा अंगठा, आईचे जोडलेले हात.

संध्याकाळी चादर नेसून मी स्टेजवर वाटा मागितला. काय टाळ्या पडल्या! पहिलं बक्षीस, डब्यांचा सेट.

परतताना गाडीत लेक म्हणाली, "आई, बट शी गॉट हर शेअर. मग तू साइन का केलंस?"

मी डबे मांडीवर नीट धरले.

"अगं, ती फार जुन्या काळची बाई. आम्ही आता सुधारलोय."