खिडकीजवळचा पलंग

सायकल मोहिमेच्या कॅप्टनचा फोन अजून दर वर्षी येतो. मी उचलत नाही. लोक म्हणतात, झालं गेलं सोडून द्या. सोडायला माझी हरकत नाही, पण आधी समोरच्याने चुकलं म्हणावं. तो अजून म्हणालेला नाही.

आमची टीम बाराजणांची. कोथरूडचे डॉक्टर, आयटीवाले, एक प्राध्यापक, आणि मार्केट यार्डातला कांदा-बटाट्याचा व्यापारी मी एकटा. वाशिमकडून आलो तेव्हा याच यार्डात पोती उचलली, आज स्वतःचा गाळा आहे. मला टीममध्ये घेतलं ते माझे पाय बघून नव्हे, हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. सामान वाहायला टेम्पो माझा आणि लॉजवाल्याशी, ढाबेवाल्याशी भाव करायला तोंड माझं. “काका, तुम्ही बघा ना, तुम्हालाच जमतं,” असं कॅप्टन गोड बोलायचा आणि ही शिकलेली मंडळी बाजूला उभी राहून मोबाइल बघायची. मला ते चालायचं. मोहीम एका डायलिसिस केंद्रासाठी निधी जमवायला होती आणि त्याच केंद्रात माझी बायको दर दोन-तीन दिवसांनी मशीनला जोडलेली असायची.

कोल्हापूरहून परतताना शेवटचा टप्पा सातारा ते पुणे. नेमका तिचा डायलिसिसचा वार आणि सांगता केंद्राच्याच दारात. मला सायकलवरून येताना बघायचं म्हणून तिने सिस्टरच्या मागे लागून रस्त्याकडच्या खिडकीजवळचा पलंग मिळवला होता. मी पुण्याहून निघताना एवढंच म्हणाली, “पाचच्या आत या. नंतर मला उतरवतात.”

एकत्र निघायचं, एकत्र पोचायचं, हा नियम कॅप्टननेच पहिल्या सकाळी सांगितला होता. आमच्या यार्डात तोंडी शब्दावर गाडीभर माल उतरतो. मी तो शब्द धरून चाललो.

खेड शिवापूरला जेवण झालं. ढाबेवाल्याने थाळीचा ठरलेला भाव सोडून ताक-पापडाचे वेगळे लावले. कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. मी गल्ल्यापाशी गेलो. मालकही कसलेला होता, एक पाऊल मागे घ्यायचा आणि दुसरीकडून पुढे यायचा. तेवढ्यात कॅप्टन कानाशी येऊन म्हणाला, आम्ही हळूहळू पुढे होतो, घाटाच्या पायथ्याला थांबतो. मी मान डोलावली. ताक-पापड थाळीतच बसवून, वर त्याच्याकडून बाटल्यांत पाणी भरून घेऊन बाहेर आलो, तर लिंबाखाली माझी एकटी सायकल.

ओळीत सायकल चालवताना पुढचा माणूस वारा अडवतो. एकटे पडलात की सगळा वारा तुमच्या छातीवर. त्या दुपारी तो समोरूनच होता. मान खाली घालून पेडल मारत गेलो. पायथ्याला टीम नव्हती. माझाच टेम्पो उभा होता.

“शेठ, बसा,” ड्रायव्हर म्हणाला. “साहेब म्हणाले, काकांना घेऊनच ये.”

मी तिथूनच कॅप्टनला फोन लावला. म्हटलं, थांबणार होतात.

“अहो काका, तिकडे पाहुणे ताटकळलेत. टेम्पोत बसा ना, काय फरक पडतो? पोचायचंच आहे.”

“भाव करायला मी आणि पोचायला तुम्ही?” एवढं बोलून फोन बंद केला. राग ड्रायव्हरवर निघाला. त्याला म्हटलं, जा निघून, माझ्यासाठी एक मिनिटही थांबू नकोस. तो बिचारा गेला. मला टेम्पोतून उतरताना बघायला तिने ती खिडकी मागितली नव्हती.

कात्रजचा जुना घाट मी तसाच चढलो. शेवटच्या दोन वळणांवर पोटऱ्यांत गोळे आले आणि सायकल ढकलावी लागली. बोगद्यात ट्रकच्या हॉर्नने कान बधिर झाले. खाली उतरलो तर स्वारगेटपर्यंत बस, रिक्षा, दुचाक्यांची दाटी. सिग्नलला एका पोराने विचारलं, आजोबा, कुठून आलात? सिग्नल सुटला तसा मी पुढे निघालो.

केंद्रापाशी पोचलो तेव्हा मांडववाले खुर्च्या रचत होते. दारातल्या रांगोळीवरून चाकं गेली होती. कॅप्टन आणि मंडळी फोटो काढून घरी गेलेली. माझ्या वाट्याचा हार कोणीतरी टेम्पोच्या आरशाला अडकवला होता. मी वर पाहिलं. खिडकीजवळच्या पलंगावर दुसरंच कोणीतरी होतं.

ती खाली बाकावर बसली होती, हाताला पट्टी, चेहरा ओढलेला. ड्रायव्हर तिच्याशेजारी पाण्याची बाटली घेऊन उभा. तिने सगळी टीम येताना पाहिली होती, एकेक चेहरा बघितला होता. मग टेम्पो आला, तोही रिकामा.

“कुठे घासाघीस करत बसलात?” तिने विचारलं.

मी ढाब्याचं सांगायला लागलो. कॅप्टनने दिलेला शब्द, वारा, सगळं. तिने डोळे मिटून ऐकून घेतलं.

“सोडला का त्याने भाव?”

“सोडला.”

“मग झालं तर,” ती म्हणाली. “खिडकी मात्र फुकट गेली.”

ड्रायव्हरने सायकल मागे चढवली. तिला मधे बसवलं, दाराकडे मी. शेवटी टेम्पोतच बसलो. गुलटेकडीच्या घरापर्यंत तो हार काचेवर आपटत राहिला. काढून टाकावा असं तिघांनाही सुचलं नाही.

पुढच्या मोहिमेपर्यंत ती राहिली नाही. त्या वर्षी कॅप्टनचा फोन आला, तेव्हा मी पहिल्यांदा तो वाजू दिला.