शांततेत पार न पडलेलं मतदान

फोन आला तेव्हा मी बँकेत काउंटरवर होतो. वसंतरावांची मंजिरी बोलत होती. जन्म इथला, हिंदी मुलखातला; तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. "काका, बाबा नहीं रहे," एवढंच म्हणाली. "हां, आलोच," म्हणालो आणि समोरच्या बाईंचं पासबुक हातात धरून तसाच उभा राहिलो... निशातगंजातलं त्यांचं घर बँकेपासून पाच मिनिटांवर. त्या दिवशी ते फार लांब वाटलं.

त्याला आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात त्यांच्याबद्दल जे ऐकलं, त्याने माझं डोकं फिरलं आहे. म्हणे शांत, मवाळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात! मला माहीत असलेले वसंतराव एका केंद्रीय कार्यालयात सेक्शन ऑफिसर होते, आणि चुकीचं काही दिसलं की त्यांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगायची. ज्यांना ती कधी दिसली नाही, त्यांनी त्यांना पाहिलंच नाही.

निवडणुकीची ड्यूटी आली की आमच्यातले निम्मे लोक डॉक्टरच्या सर्टिफिकेटमागे धावतात. वसंतराव मात्र डबा घेऊन निघायचे. एका वर्षी आम्हा दोघांना शहराबाहेरच्या गावात एकच केंद्र मिळालं. ते केंद्राध्यक्ष, मी यादीत नाव शोधून खूण करणारा. केंद्राध्यक्षाला दिवसभरात काय घडलं ते एका डायरीत लिहावं लागतं. संध्याकाळी पेटी जमा करायची घाई असते, म्हणून पुष्कळ जण ती आदल्या दिवशीच, सामान ताब्यात घेताना भरून टाकतात. मीही त्यांना तेवढीच मदत म्हणून सुबक अक्षरात लिहून ठेवलं, 'मतदान शांतिपूर्ण रहा.' मतदान सुरू व्हायला तेव्हा एक अख्खा दिवस बाकी होता.

सकाळी गावच्या प्रधानांच्या, म्हणजे सरपंचांच्या, बाजूने घूंघट घेतलेल्या बायकांची रांग आली. चिठ्ठीवरचं नाव वाचायचं, यादीत खूण करायची, पुढे पाठवायचं. मी चेहरा कुणाचा पाहिला नाही, नवऱ्याचं नाव कुणाला विचारलं नाही. दुपारी गावाच्या टोकाच्या दलित वस्तीतून तीन बायका आल्या. पुढे होती सुखदेई. तिचं नाव शोधलं तर त्यावर खूण होती. माझ्याच हातची. तिघींचीही तीच गत.

"इनका वोट हो गया, साहब. शांति से चल रहा है, चलने दीजिए," प्रधानांच्या पक्षाचा एजंट म्हणाला. बाकीचे एजंट खिडकीबाहेर बघत बसले.

वसंतरावांनी सुखदेईचं बोट पाहिलं. शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. ते खुर्चीवरून उठले. आपल्या नावावर दुसऱ्याने मत टाकलं असेल, तर खऱ्या मतदाराला वेगळी मतपत्रिका मागता येते. ती पेटीत जात नाही, पाकिटात बंद होते. मोजतीलच असं नाही, हेही त्यांनी बायकांना स्वच्छ सांगितलं. तिघींनी मतं दिली. मग त्यांनी डायरी उघडली, माझ्या सुबक ओळीवर आडवी रेघ मारली आणि दीड पान लिहिलं. प्रधानांचं नाव लिहिलं, एजंटचं लिहिलं. माझी चूकही लिहिली.

"वसंतराव, माझं नाव कशाला?" मी विचारलं. लाज वाटते, पण विचारलं.

"सुधीर, तुझं वगळलं तर बाकीचं खोटं ठरेल," ते म्हणाले.

त्या डायरीवरून केंद्रावर फेरमतदान झालं. सुखदेईचं मत पेटीत पडलं. वसंतरावांच्या साहेबांना मात्र वरून कुणीतरी फोन केला, आणि त्यांच्या गोपनीय अहवालात 'हेकेखोर, असहकारी' असा शेरा पडला. बढती गेली. शेवटपर्यंत ते त्याच खुर्चीत बसले, त्यांच्या हाताखालचे वर गेले. वहिनींनी एकदा विचारलं, काय मिळालं? "तीन मतं," म्हणाले आणि जेवायला बसले.

आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. शहरभरातून, पार मानक नगर, छावनीपासून माणसं आली होती. पहिल्या रांगेत एक खुर्ची त्याच साहेबांसाठी राखून ठेवलेली. ते यायचे होते. 'अजातशत्रू' हा शब्द तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी मान फिरवली, तर दाराशी चपलांच्या ढिगाजवळ सुखदेई उभी. दोन बस बदलून आली होती. आत ये असं कुणी म्हटलं नव्हतं; चेहरा न बघता तिच्याशेजारीच चपला काढून आत आलेल्या मीही नाही.

मी तिला पुढे आणून त्या खुर्चीवर बसवलं. "अरे, ती साहेबांची आहे," सेक्रेटरी कुजबुजले.

"साहेब उभे राहतील," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला.

कुणी न विचारताच सुखदेई उठली. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला. "सब कहत रहे, हमार वोट पड़ गवा," ती वसंतरावांच्या फोटोकडे बोट करून म्हणाली. "साहब लिखे रहे कि नाहीं पड़ा।" आणि बसली.

सभेचा वृत्तान्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. अध्यक्ष म्हणाले, तो खुर्चीचा प्रकार वगळा, उगाच कटुता नको. मी घरी येऊन सगळं लिहिलं. सुखदेईचं नाव, ती किती वेळ दाराशी उभी होती ते, आणि तिला आत न बोलावणाऱ्यांत माझंही नाव.