‘सोड’ कुणाला म्हटलं?

घरात सून आणि नात टीव्हीच्या रिमोटवरून भांडत असतात. सून ओरडते, “सोड”, आणि मी खुर्चीत ताठ होतो. हे कुणाला म्हटलं, हे आधी बघून घेतो. घरचे मला हसतात. हसू देत. बोरीवलीतलं ते प्रकरण त्यांच्या वाट्याला आलेलं नाही.

तेव्हा मी तिथल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो आणि निवृत्ती दिसू लागली होती. रविवारची सकाळ ही ठाण्यात भांडकुदळ वेळ असते. सोसायट्यांच्या सभा त्याच दिवशी भरतात आणि अर्ध्या सभा नंतर आमच्याकडे येऊन पूर्ण होतात. पार्किंगवरून हातघाईला आलेल्या दोन गृहस्थांना मी बाकावर शेजारी शेजारी बसवलं होतं. असं बसवलं की माणसं लवकर थंड होतात. तेवढ्यात रुग्णालयातून फोन आला. घोड्यावरून पडलेल्या एका तरुणाला आणलं होतं, दाखल करण्यापूर्वीच तो मरण पावला होता.

राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीलगत घोडेस्वारी शिकवण्याचं एक छोटं मैदान होतं. लाकडी कुंपणाचं रिंगण, पत्र्याखाली काही घोडे, आणि चालवणारी पन्नाशीची एक बाई. तिला सगळे ‘बाई’च म्हणत. मयत तिच्याकडे दर रविवारी शिकायला यायचा. कार्यालयात नोकरी, लग्न झालेलं, आणि गडकिल्ल्यांवर ट्रेकिंगचा जुना नाद.

पंचनामा करताना अपघात कसा झाला ते डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्याने छातीवर पट्ट्यांनी ॲक्शन कॅमेरा बांधला होता. तो पडू नये म्हणून त्या पट्ट्यांना नायलॉनची एक पट्टी अडकवली होती आणि तिचं दुसरं टोक खोगिराच्या कडीत. हूक गिर्यारोहकांचा, आटे फिरवून बंद होणारा. घोडा उधळला, हा एका बाजूला घसरला, पण जमिनीवर मोकळा पडलाच नाही. पट्टीने त्याला खोगिराला धरून ठेवलं आणि घोड्याने कुंपणापर्यंत फरफटत नेलं. डोक्यावर हेल्मेट होतं. मानेला त्याचा उपयोग झाला नाही.

अपमृत्यूची नोंद केली, कॅमेरा मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतला. प्रकरण तिथे थांबलं असतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर एक आवाज आला. ठाणे अंमलदाराने रिसीव्हर माझ्या हातात दिला. बोलणारा नाव सांगायला तयार नव्हता, पण जे सांगत होता ते ठामपणे सांगत होता. तो अपघात नव्हता. बाईने “सोड रे, सोड” असं ओरडून आपल्या नोकराला हातातला घोडा सोडायला लावला, हे त्याने स्वतःच्या बाल्कनीतून ऐकलं होतं. त्याच बाल्कनीत वर्षभर शेणाचा वास येतो आणि पोलीस काही करत नाहीत, हेही त्याने जाता जाता सुनावलं.

शेणाच्या वासाचे अर्ज आमच्याकडे एकाच गृहस्थाचे येत. मी तासाभरात त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा ते पांढरे पडले.

“मी तर नाव सांगितलं नव्हतं, साहेब.”

“नाव सोडून बाकी सगळं सांगितलंत.”

बाईवर त्यांचा राग होता, हे उघड होतं. पण रागावलेला माणूस खोटंच बोलतो असं नाही. उलट तो जास्त कान देऊन ऐकतो. मी त्यांचा जबाब घेतला.

मग मोतद्दाराला बोलावलं. मोतद्दार म्हणजे घोड्याची देखभाल करणारा. हा माथेरानकडचा, तिशीचा, कमी बोलणारा. धड्याच्या वेळी तो रिंगणाच्या मध्ये लांब दोर धरून उभा राहायचा आणि घोडा त्याच्याभोवती फिरायचा. बाई कुंपणाशी उभी राहून सूचना द्यायची. त्याने काहीही लपवलं नाही.

“बाई सोड म्हणाल्या, म्हणून मी दोर सोडला.”

“कशाला सोड म्हणाल्या?”

“ते मी कधी विचारत नाही, साहेब.”

कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं. घोड्याची मान, कान, हलतं कुंपण. मग बाईचा आवाज, स्पष्ट: “सोड रे, सोड!” लगेच पडदा काळा झाला, मग नुसती धडपड ऐकू आली. पुढचं मी इथे लिहीत नाही.

कारणही सापडलं. महिन्यापूर्वी या तरुणाने बाई ओरडत असल्याचा एक व्हिडिओ इंटरनेटवर टाकला होता. लोकांनी तिची यथेच्छ टिंगल केली. त्यानंतर दोघांचं सगळ्यांसमोर कडाक्याचं भांडण झालं होतं. साक्षीदार म्हणाले, बाई बजावत होती, “पुन्हा हातात कॅमेरा घेऊन आलात तर घोड्यावर बसवणार नाही.”

आता मयताचे वडील. कोकणातलं घर, त्यांच्या वडिलांची गिरणीतली नोकरी, स्वतः बँकेत कारकून म्हणून निवृत्त. ते रोज सकाळी ठाण्यात येऊन त्याच बाकावर बसायचे. आरडाओरडा नाही, वशिला नाही. मी बाहेर आलो की उभे राहायचे आणि तोच प्रश्न विचारायचे, “माझ्या मुलाला मारलं का, एवढंच सांगा.” कुणाला शिक्षा व्हावी, असा त्यांचा आग्रह नव्हता. त्यांना उत्तर हवं होतं.

बाईची चौकशी मी स्वतः केली, महिला उपनिरीक्षक शेजारी बसल्या होत्या. बाई ताठ बसली होती. तिचं म्हणणं असं की ‘सोड’ तिने मोतद्दाराला म्हटलंच नव्हतं. व्हिडिओवरून भांडण झाल्यावर तिने स्वतःच तोडगा काढला होता: कॅमेरा हातात नाही, छातीवर बांधायचा, हात मोकळे. पट्टी मात्र त्याने तिला न सांगता, जाकिटाच्या आतून बांधली होती. घोडा दुडक्या चालीवर आला, जाकीट वर उडालं आणि तिला ती दिसली. कॅमेऱ्याचे पट्टेही सैल होऊन तो खोगिरावर आपटत होता, घोडा कान मागे पाडत होता. तेव्हा ती स्वाराला ओरडली, पट्टी सोड.

ऐकायला सगळं पटत होतं. पण माझ्यापुढे तिचंच वाक्य होतं.

“बाई, तुम्ही त्यांना अहो-जाहो करता. भांडतानासुद्धा ‘आलात तर’ म्हणालात. रागाच्या भरातही ज्याच्याशी बोलताना ‘तुम्ही’ सुटलं नाही, तो अचानक ‘सोड रे’ कसा झाला? ‘रे’ तर तुमचा मोतद्दार आहे.”

तिने माझ्याकडे नवशिक्याकडे बघावं तसं पाहिलं.

“भांडण खाली झालं होतं, साहेब. खाली ‘तुम्ही’. घोड्यावर बसलं की ‘तू’.”

“सगळ्यांना?”

“तुम्ही बसलात तर तुम्हालासुद्धा. ‘टाचा खाली ठेवा हं’ म्हणेपर्यंत माणूस पडलेला असतो.”

उपनिरीक्षकबाईंना हसू आलं. मला आलं नाही. आरोपी अडचणीत आला की त्याच्या सोयीची एखादी रीत नेहमीच निघते. तिचे बाकीचे विद्यार्थी हीच रीत सांगू लागले, पण ते तिच्या मायेतले. त्यांच्या शब्दावर मी माणूस सोडणार नव्हतो आणि अडकवणारही नव्हतो.

मग मनात आलं, या तरुणाला चित्रणाचा एवढा नाद, तर त्याच कार्डवर जुने धडेही असतील. ते होते. आम्ही ते पंचांसमोर एकेक करून पाहिले. भांडणाच्या कितीतरी आधीचे, कुणाला वाचवायला किंवा अडकवायला न केलेले. प्रत्येकात तेच. घोडा चालू लागला की, “पाठ सरळ कर. अरे, लगाम काय दळणाची पिशवी आहे का, एवढा आवळतोस?” आणि धडा संपून तो उतरला की तोच आवाज, “या. चहा घेणार ना?”

एका चित्रणात तो उतरताना हसत म्हणतो, “काय बाई, वर असलो की शिव्या आणि खाली आलो की अहो-जाहो?”

बाई म्हणते, “वर आहेस तोवर माझा. खाली उतरलात की तुमच्या बायकोचे.”

दोघंही हसतात. मागून मोतद्दाराचंही हसू ऐकू येतं.

आता मी त्या रविवारचं चित्रण पुन्हा लावलं. ‘सोड’नंतर पडदा काळा होतो, त्याला मी घोड्याची मान आडवी आली असं समजलो होतो. ‘सोड’ स्वाराला म्हटलं होतं हे धरून पाहिलं, तेव्हा त्या काळोखाच्या कडेला लालसर उजेड दिसला. उजेडापुढे धरलेल्या बोटांच्या फटीत दिसतो तसा. तो त्याचा तळहात होता. बाई सोड म्हणाली आणि त्याने कॅमेरा घट्ट छातीशी धरला. लगाम एका हातात आला, एकीकडे ओढला गेला. आणि त्याच क्षणी रिंगणाच्या मधे उभ्या असलेल्या माणसाने, आपल्यालाच सांगितलं असं समजून, दोर सोडला.

ज्याने सोडायचं त्याने धरलं आणि ज्याने धरायचं त्याने सोडलं. खून करण्याचा हेतू त्यात कुणाचाच नव्हता.

पट्टीचं कोडं वडिलांनीच उलगडलं. कड्यावर चढताना मुलगा सगळं बांधून ठेवायचा, पाण्याची बाटलीसुद्धा. दगडावर तीच सवय जीव वाचवते. घोड्यावर नेमकं उलटं. बाईने पुरवणी जबाबात सांगितलं ते मी तेव्हापासून भेटेल त्या हौशी स्वाराला ऐकवतो: कॅमेरा अंगावर लावा, पण जोराचा झटका बसला तर आपोआप सुटेल असा. खोगिराला किंवा घोड्याला काहीही बांधू नका. चालू करायचा तो जमिनीवर उभं असताना, आणि एकदा वर बसलात की त्याला हात नाही. पडला तर पडू द्या.

वडिलांना मी माझ्या खोलीत बोलावलं. हे बाकावर सांगण्यासारखं नव्हतं. जुनं चित्रण आधी लावलं. मुलाचं हसू ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. मग त्या रविवारचं, फक्त बाईच्या हाकेपर्यंतचं आणि पडदा काळा होण्यापर्यंतचं. तिथे मी थांबवलं.

“म्हणजे ती ह्यालाच सांगत होती.”

“हो.”

“आणि ह्याने ऐकलं नाही.”

मी म्हणालो, कॅमेरा पडतोय असं वाटून हात आपोआप गेला असेल. ते माझ्याकडे बघत नव्हते. इतके दिवस माझ्याशी शुद्ध मराठीत बोलणारे ते गृहस्थ काळ्या पडद्याकडे बघून मालवणीत म्हणाले, “ल्हानपणापासून कोणाचा आयकूक नाय तेना.”

बाई हेतूच्या आरोपातून सुटली. स्वार बसण्यापूर्वी त्याचं सामान तपासलं नाही, एवढा निष्काळजीपणा तिने स्वतःहून मान्य केला आणि तेवढ्यासाठी ती कोर्टापुढे गेली. मोतद्दार मात्र काम टाकून गावी निघून गेला होता. गुन्हा त्याच्यावर नव्हताच, पण तो कुणाशी बोलत नव्हता.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. ऐकलेला शब्द म्हणजे पुरावा नव्हे. बोलणारा कुणाशी, कुठे, कसा बोलतो, हे कळल्याशिवाय शब्द कुणालाही चिकटवता येतो. शेजारच्या गृहस्थांनी ऐकलं ते अक्षरशः खरं होतं आणि त्यातून काढलेला अर्थ अक्षरशः खोटा. दुसरी गोष्ट मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितली नव्हती. सत्य सापडलं की कुणाचा तरी भार उतरतो असं आपण धरून चालतो. पण तो भार कधी कधी फक्त जागा बदलतो, आणि नवा खांदा आपल्यासमोर खुर्चीत बसलेला असतो.

जाताना वडील दारात थांबले. कॅमेरा परत कधी मिळेल हे विचारतील असं मला वाटलं. त्यांनी मोतद्दाराच्या गावाचा पत्ता मागितला. कशासाठी, असं विचारणं माझं काम होतं. मी विचारलं.

“त्याला सांगायला हवं ना,” ते म्हणाले. “सोडायचं ते माझ्या मुलाने धरून ठेवलं. दोष तुझा नाही, म्हणून.”

पत्ता मी एका कागदावर लिहून दिला.