दुधाबरोबर घेतलेली गोळी

मला थायरॉईड झाला तेव्हा गल्लीतल्या बायकांना आनंद झाला. तोंड सुजलं होतं, ते त्यांना भरलेलं दिसलं. "आत्ता कुठं सासर मानवलं बघ तुला," असं शेजारीण म्हणाली, तेव्हा माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. एरवी मी तिला सोडलं नसतं. पण त्या दिवसांत बोलायचाही कंटाळा यायचा. दारात कुणी हाक मारली, तर ओ दिली नाही तर चालेल का, याचा मी आधी विचार करायची.

आमचा धंदा दुधाचा. कोल्हापुरात भर वस्तीत पाच म्हशींचा गोठा. संध्याकाळी मालक दोन म्हशी घेऊन दूध विकायच्या कट्ट्यावर जातात. लोक समोर धार काढून घेतात, उभ्या उभ्या पेला रिकामा करतात आणि मिशा पुसत घरी जातात. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे नवऱ्याला मालकच म्हणतात, त्यात मालकी किती आणि सवय किती हे विचारू नये. संध्याकाळ त्यांची, सकाळची धार माझी. माझं माहेर मुरगूडकडचं, तिथं नऊ वर्षांची असल्यापासून मी म्हशीखाली बसते. शाळेत मी बेताची होते, स्वयंपाकात त्याहून बेताची. मालकांचा आणि माझा स्वभाव जुळला असंही नाही. ते मोठ्यानं बोलतात आणि मी त्याहून मोठ्यानं. पण लाथाळ म्हैस माझ्या हाताखाली गप्प उभी राहते, हे या घरात सगळ्यांनी मान्य केलेलं होतं. माझं असं जे काही आहे, ते मी सकाळच्या त्या दीड तासात मिळवलेलं आहे. म्हणून हात बधीर व्हायला लागले तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही.

पण आधी गोळीचं सांगते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि गळ्यातली ग्रंथी मंद झाल्याचं सांगितलं. रोज एक बारकी पांढरी गोळी, सकाळी उपाशीपोटी, जन्मभर. एवढंच. घरी येऊन मी ती गोळी तळहातावर घेतली तेव्हा मालक म्हणाले, "गोळी उष्ण असती. दुधासंगं घे." आणि पहिल्या धारेचं पेलाभर कोमट दूध त्यांनी माझ्यापुढं धरलं.

त्यात कुणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही. आमच्या घरात दूध म्हणजे खाणं नव्हे. एकादशीला दूध चालतं, सोमवारी चालतं, कडक उपास असला तरी चालतं. भाकरी पोटात गेली की माणूस जेवला. नुसतं दूध प्यायलेला माणूस आमच्या हिशेबी उपाशीच. मी उपाशीपोटीच गोळी घेत होते.

त्यानंतर रोज सकाळी मालक गोठ्यात पेला घेऊन यायचे. दुसऱ्या हातात गोळी. मी धार संपवून हात पुसायची, ते गोळी माझ्या तळहातावर ठेवायचे आणि पेला संपेपर्यंत उभे राहायचे. सत्तावीस वर्षांत या माणसानं मला 'जेवलीस का' असं विचारलेलं नव्हतं. मला ते आवडायचं. लिहायला लाज वाटते, पण आवडायचं. काही सकाळी तर मी एवढ्यासाठीच उठायची.

सूज मात्र उतरली नाही. डॉक्टरांनी दोनदा गोळी वाढवली. "रोज घेता ना?" "घेते." "चुकवत नाही?" "एक दिवस नाही." यात खोटं काही नव्हतं.

मग अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या. उजव्या हाताचा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं. पहाटे उठल्यावर हात झटकून झटकून जागा करावा लागायचा. पुढे डाव्या हातालाही तेच. मनगटापासून कोपरापर्यंत एक कळ निघायची, आणि तळपाय तर असे भाजायचे, की उन्हातल्या फरशीवर उभी आहे असं वाटावं. हात लावून बघावं तर थंडगार. मी चालताना पाय उचलत नव्हते, ओढत होते. कपाळ दुखलं तर माणूस कपाळाला हात लावतो. माझं दुखणं नेमकं कुठं आहे हे मला बोट ठेवून सांगता येत नव्हतं आणि ज्या बोटानं सांगायचं तेच बधीर. कळ आणि पायांची आग तेवढी मी बोलून दाखवली, बोटांचा बधिरपणा नाही. कुणी म्हणालं वात आहे, मग तेल लावून शेकलं. कुणी म्हणालं मानेत नस दबली, मग मानेचा फोटो काढला. शक्तीची इंजेक्शनं झाली. थायरॉईडचा आणि या सगळ्याचा काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तो आजार गळ्यातला होता, आणि त्याची गोळी चालू होती.

हे सगळं मी काढलं असतं. आधीच एवढी दमलेली होते, की दुखणं म्हणजे दमण्याचाच एक भाग वाटायचा. पण कोपऱ्यातल्या खुंट्यावरच्या म्हशीची कास सुजली. हात लावला की ती उसळायची. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी एकेक सड दाबून पाहिला आणि विचारलं, "दूध आत राहतंय. धार कोण काढतं सकाळची?"

मी तोंड उघडण्याआधी मालक म्हणाले, "मीच."

डॉक्टर गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते की आता आवाज चढेल. चढला नाही. "हात दाव," एवढंच म्हणाले. मी दोन्ही हात पुढे केले. उजव्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसून तिथं खळगा पडला होता. तो मी रोज बघत होते. त्यांनी तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. दुसऱ्या दिवसापासून सकाळची धारही त्यांनी घेतली. "तुझा हात येस्तोवर," म्हणाले. "मग तुझी तू बस."

मोटारसायकलवर मागे बसून मी नसांच्या डॉक्टरांकडे गेले. मालक गाडी लावायला जागा शोधत बाहेरच राहिले. डॉक्टर बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मनगटावर बोटानं टिचकी मारली आणि माझ्या बोटांतून झिणझिणी गेली, तशा त्या मान हलवायला लागल्या. थायरॉईड कमी पडला की अंगात पाणी साचतं, सूज धरते, असं त्यांनी सांगितलं. मनगटात नस जायला जागा मुळात अरुंद. तिथं सूज आली की नस चेपते. त्यात आयुष्यभर धार काढून मनगट आधीच थकलेलं. पायांच्या नसाही त्याच दुखण्यानं कमजोर होतात. सगळं एकच आहे, म्हणाल्या. मग रक्ताचा जुना कागद बघून त्यांनी कपाळाला आठी घातली.

"एवढी मोठी गोळी चालू आहे आणि रक्तात काहीच फरक नाही. गोळी कशाबरोबर घेता?"

"दुधाबरोबर."

त्यांचा पेन थांबला. "किती दूध?"

"पेलाभर. म्हशीचं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. चार वर्षं झाली."

"अहो, उपाशीपोटी लिहिलंय ना इथं?"

"उपाशीच असते मी. नुसतं दूध तर पिते."

त्यांनी कागद बाजूला ठेवला. मग त्यांनी हळू आवाजात समजावलं, की दुधातलं कॅल्शियम गोळीला धरून ठेवतं, गोळी पुरती रक्तात उतरत नाही. पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे तासभर काही नाही, चहा नाही, दूध तर नाहीच. मी विचारलं, मग चार वर्षं मला औषध मिळालंच नाही का? "थोडंफार मिळालं असेल," त्या म्हणाल्या. "आता सुधारेल. पण नस फार दिवस दबलेली आहे. काही परत येईल, काही येणार नाही. कुठलं, ते आज नाही सांगता येणार."

बाहेर मालक गाडीला टेकून उभे होते. "काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं. मी ते नीट सांगू शकले असते. घरी गेल्यावर, चार दिवसांनी, बेताबेतानं सांगता आलं असतं. पण माझ्या पायांची आग होत होती आणि चार वर्षांचा शीण एकदम अंगावर आला होता. मी म्हटलं, "तुमच्या दुधानं माझं हात घालवलं."

त्यांना कळायला वेळ लागला. मी तिथंच रस्त्यावर सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि गाडीची किल्ली हातात फिरवत होते. "मग चार वर्सं मी काय केलं?" त्यांनी विचारलं. मला विचारलं की स्वतःला, कळलं नाही. त्यानंतर त्यांनी स्वतःचं सकाळचं दूधही सोडलं. कशाला, म्हटलं, तर म्हणाले, "नगं वाटतंय."

आता ते पेल्यात पाणी आणतात. गोळी देतात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून गोठ्यात जातात. तास भरायच्या आत मी चुलीकडे वळले तर आतून ओरडतात. तीन-चार महिन्यांत खरंच फरक पडला. सूज उतरली, आवाज मोकळा झाला, तळपायांची आग निवली. शेजारीण म्हणाली, "वाळलीस गं, सासुरवास हाय का काय?" तिला मी या वेळी सोडलं नाही.

राहिले ते हात. डावा बराचसा परत आला, उजवा नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आधीपासूनच बरी होती. मुंग्या थांबल्या, कळ थांबली. लोकांना वाटतं दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं. माझ्या उजव्या अंगठ्यात, शेजारच्या बोटात आणि मधल्यात दुखायचं थांबलं, आणि मग तिथं काहीच उरलं नाही. गरम तवा आणि गार पेला, दोन्ही सारखेच.

मालकांनी आपली एक तपासणी काढली. सकाळी धार काढायच्या आधी ते माझ्यासमोर पाटावर बसायचे. "डोळं मिट." मी मिटायची. कडब्याची एक काडी घेऊन ते माझ्या बोटाच्या टोकाला लावायचे. "कुठलं?"

पहिल्या दिवशी मला काही लागलं नाही. पण ते माझ्या इतक्या जवळ बसले होते, की त्यांचा श्वास ऐकू येत होता. श्वास धरून ठेवला होता त्यांनी. मी म्हटलं, "अंगठा."

"व्हय!" ते ओरडले. "आनि हे?"

"त्याच्या शेजारचं."

मालकांचा माणूस म्हणून एक दोष आहे, जनावरांच्या डॉक्टरांपुढचं ते 'मीच' सोडलं तर त्यांना लबाडी जमत नाही. म्हशींना वैरण टाकतात ती पहिल्या खुंट्यापासून ओळीनं, आणि काडी लावायची तीही अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ओळीनं, एकदाही उलटसुलट न करता. मला नुसतं मोजायचं होतं. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासाठी खोटं बोलले. पुढं स्वतःसाठी. कारण पंधरा-वीस दिवसांनी ते म्हणाले, "हात आला की गं तुझा. सोमवारपास्नं तू बस." आणि मला एवढा आनंद झाला, की मी त्या हाताचा विचारच केला नाही. बसले की जमेल, असं वाटलं. इतकी वर्षं जमलंय.

सोमवारी मी लवकर उठले, केस घट्ट बांधले, पदर खोचला. गोळी घेतली, तास भरला. कोपऱ्यातल्या म्हशीजवळ दुधाची चरवी ठेवली. मालकांनी म्हटलं, "एकडाव बघू." मी डोळे मिटून हात पुढे केला.

"कुठलं?"

"अंगठा."

"हे?"

"शेजारचं."

पुढच्या वेळी ते काही बोलले नाहीत. मी थोडं थांबले, आणि मोजून म्हटलं, "मधलं."

त्यांचं 'व्हय' आलं नाही, म्हणून मी डोळे उघडले. त्यांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. काडी खाली पडलेली होती.

"काडी लावायच्या आधीच सांगतीस तू," ते म्हणाले. "कालबी तसंच. किती दिस झालं?"

"पयल्या दिवसापास्नं."

मला वाटलं आता तरी ओरडतील. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं, मीही ओरडले असते. ते म्हणाले, "म्हशीला कळलं असतं की गं."

मी म्हटलं, "आनि मी काय करायचं सकाळचं?"

ते उठले. माझ्याजवळची चरवी त्यांनी उचलली, म्हशीखाली जाऊन बसले आणि तिच्या कासेला पाणी मारलं. मी गव्हाणीला टेकून उभी होते. मी बसायची तेव्हा दोन्ही धारा एकसारख्या वाजायच्या. यांची एक जाड, एक बारीक, मधेच थांबणारी. तरी चरवी भरली.