बॅटरी भावापर्यंतच टिकली

आमच्या गटातल्या चौघी कुठेही भेटल्या, अगदी भाजीच्या गाडीपाशी भेटल्या तरी कॅमेऱ्याची एखादी गोष्ट निघतेच. एकीला एक आठवते, त्यावरून दुसरीला दुसरी, आणि भाजीवाला पिशवी हातात धरून उभाच राहतो. सगळ्या हसतात. मीही हसते, पण माझे कान गरम होतात. कारण प्रत्येक गोष्टीत कॅमेरा माझ्याच हातात असतो!

आमचा गट म्हणजे हळदीची गाणी म्हणणाऱ्या बायका. इंदिरानगरात आणि आसपास लग्न असलं की आम्हाला बोलावणं येतं. ढोलकी मालनताईंची, त्याच आमच्या पुढारी. वैशाली सगळ्यांत लहान, साडीच्या दुकानात कामाला, तोंडाने फटकळ. मुख्य आवाज शकूमावशींचा. त्यांच्या घरची फुलशेती आहे, सकाळी झेंडू तोडायचा आणि दुपारी गायला यायचं. चौथी मी, सुनंदा. माझा आवाज बेताचा, म्हणून भावाने दिलेला छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन मी शूटिंग करायचे. तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या मोबाईलवर धड व्हिडिओ निघत नसे.

हे शूटिंग काही हौसेचं नव्हतं. शकूमावशींचं एक लांबलचक हळदीचं गाणं आहे. कडव्यागणिक एकेकाचं नाव घेत जायचं. आधी देव, मग आई, बाप, काका, मामा, भाऊ. आणि शेवटच्या कडव्यात गाणारणीने स्वतःच्या बहिणीचं नाव घ्यायचं, अशी त्यांच्याकडची रीत. मावशींच्या मुलाच्या हळदीत त्या स्वतःच गात होत्या. समोर धाकटी बहीण सुमन हळदीची वाटी घेऊन बसलेली. पाहुणे आले, गडबड झाली आणि मावशींनी भावापाशीच गाणं संपवलं! सुमनताईंनी वाटी खाली ठेवली, उठल्या, आणि जेवणसुद्धा न करता सटाण्याची एसटी धरली. तेव्हापासून दोघी बहिणींचं बोलणं बंद.

म्हणून मावशी मला म्हणाल्या, "सुनंदा, माझं आख्खं गाणं घे त्या डबीत. सुमनचं कडवं त्यात येऊ दे. अन तिला नेऊन दाखव. मी गेले तर ती दार उघडायची नाय."

एवढंच काम होतं हो माझ्याकडे!

*

पहिली हळद आमच्याच गल्लीतली. कॅमेऱ्यात दोन पेन्सिल सेल लागतात. दुकान बंद होतं, म्हणून मी एक सेल भिंतीवरच्या घड्याळाचा काढला आणि एक टीव्हीच्या रिमोटचा. फोटो छान निघाले. व्हिडिओ सुरू केला, देवाचं कडवं झालं, आईचं लागलं आणि स्क्रीन काळी! लेन्स आत ओढून घ्यायलाही त्यात जोर उरला नव्हता. ती तशीच बाहेर, जीभ काढल्यासारखी.

नवरीची आजी समोरच बसली होती. म्हणाली, "हा कोणाला वेडावतोय गं?"

गाणं संपल्यावर मावशी घाम पुसत आल्या. "आली का माझी सुमन?"

मी मान खाली घालून म्हटलं, "मावशी, अजून आईच चालू आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे मिस्टर बंद घड्याळाकडे बघत निवांत चहा पीत बसले आणि त्यांची कंपनीची बस गेली, ते वेगळंच.

*

यावर मालनताईंनी बैठक घेतली.

"शकूमावशी, तुम्ही बहिणीचं कडवं आधी म्हणून टाका. सेल ताजे असतात."

"देवाच्या आधी सुमन? ती खूश व्हायची सोडून अजून भडकंल."

"मग दोन तुकडे करू. मध्ये सेल बदलू."

"तुकडे जोडून मागितलेली माफी कोण देतं?"

वैशाली म्हणाली, "मग मावशी, घरीच बसून म्हणा. वाटेल तेवढे सेल बदलू, पहिल्यापासून पुन्हा घेऊ."

मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. "हळद नाय, नवरी नाय, अन हळदीचं गाणं? तुझ्या दुकानात गिऱ्हाईक नसताना तू साड्या उलगडती का?"

"मालक उलगडायला लावतो, मावशी!"

बैठक तिथेच संपली.

*

मग माझ्या मुलाने चार्ज होणारे सेल आणि चार्जर आणून दिला. लाल दिवा म्हणजे चार्ज होतंय, हिरवा म्हणजे झालं. मला समजावलं, दोनदा म्हणून घेतलं. मी आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात चार्जर लावला आणि निर्धास्त झाले.

हळदीत काकांचं कडवं लागलं, तोच कॅमेऱ्याने जीभ काढली.

घरी येऊन मी चार्जर उलटासुलटा करून बघत होते. सासूबाई देवासमोर वाती वळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय शोधतेस? मी वेळेवर बघितलं म्हणून बरं! काल सारखा लाल दिवा लागत होता त्याला. म्हटलं काहीतरी बिघडलंय, जळायचं. मी बटण बंद करून टाकलं."

त्या सगळ्यांना हे अभिमानाने सांगत होत्या. शेजारच्या काकूंनी मला ऐकवलंसुद्धा, "नशीब तुझं, घरात लक्ष ठेवणारं माणूस आहे!"

*

दसऱ्याला आम्ही मालनताईंकडे आपापल्या कामाच्या वस्तूंची पूजा करतो. पाटावर ढोलकी, शकूमावशींचा विळा, वैशालीची कापड कापायची कात्री आणि माझा कॅमेरा. मालनताई म्हणाल्या, "त्रास तर सेल देतात. पूजा त्यांचीच व्हायला पाहिजे. उघड ते झाकण."

आणि मी उघडलं! मालनताईंनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वरून चिमूटभर अक्षता टाकल्या. मी हात जोडले आणि झाकण लावून टाकलं.

पुढच्या लग्नात कॅमेरा सुरूच होईना. दुसऱ्या दिवशी मी मेन रोडजवळच्या बोळातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने झाकण उघडून कॅमेरा तळहातावर आपटला. तांदूळ पडले. पुन्हा आपटला. अजून पडले. बोटाला कुंकू लागलं. दुकानात पाच-सहा गिऱ्हाईकं उभी होती.

"ताई," तो अगदी शांतपणे म्हणाला, "कॅमेऱ्याचं लग्न लावलंत का?"

*

एका लग्नात सेल अगदी पूर्ण भरलेले होते. मी सारखी तपासत होते. गाणं सुरू व्हायच्या जरा आधी नवरदेवाच्या आई आल्या. "माझा एक व्हिडिओ घ्या ना, नवी पैठणी आहे." घेतला. "दाखवा ना." दाखवला. "पदरावरचे मोर दिसतात का बघू? पुन्हा लावा." पुन्हा लावला. मग त्यांच्या जावेला दाखवला, नणंदेला दाखवला, आणि जी दूर बसली होती तिला जवळ बोलावून दाखवला. नाही म्हणणं मला जमत नाही.

त्या दिवशी मावशींनी तोंड उघडलं आणि देवाचंही कडवं मिळालं नाही. आख्खी बॅटरी मोरांनी खाल्ली!

मावशींनी मात्र मलाच पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याची जास्त लाज वाटली.

*

मग इगतपुरीची हळद आली. थंडीचे दिवस, त्यात घाटमाथ्यावरचा वारा. दुरुस्तीवाल्याने मला सांगितलं होतं, गारठ्यात सेल लवकर मान टाकतात, ते उबेत ठेवा. म्हणून दोन सेल मी दोन मुठींत धरले आणि जादाचे दोन वैशालीने. गाणं सुरू व्हायच्या क्षणी घालायचे, असं ठरलं.

तेवढ्यात घरची बाई हळदीकुंकू घेऊन आली. कुंकू लावलं. हातावर साखरफुटाणे द्यायला लागली. मी मूठ उघडेना!

"घ्या ना ताई."

"असू द्या हो."

"असं कसं? घ्या." मग ती वैशालीकडे वळली. वैशालीच्याही मुठी आवळलेल्या. बाईचा चेहरा उतरला. आत जाऊन तिने सासूला आणलं, सासूने आपल्या मुलाला आणलं. तो बिचारा हात जोडून उभा राहिला. "ताई, काही मानपान राहिला का आमच्याकडून?"

मी लाजेने अर्धी झाले. मुठी उघडून सेल दाखवले. तो अजूनच गोंधळला. वैशाली म्हणाली, "दादा, रुसलो नाही. आम्ही सेल उबवतोय!"

पण त्या दिवशी कमाल झाली. देव झाले, आई, बाप, काका, मामा झाले. भावाचं कडवं पुरं झालं. आणि भावाच्या शेवटच्या शब्दावर स्क्रीन काळी! मी घाईने झाकण उघडलं, वैशालीने दिलेले जादाचे सेल हातातून उडाले, एक नवरीच्या पाटाखाली गेला. मी आणि वैशाली गुडघ्यांवर रांगत सेल शोधतोय, वर गाणं चाललंय. सेल सापडला तेव्हा बायका टाळ्या वाजवत होत्या.

मावशी म्हणाल्या, "राहू दे. कुठपर्यंत आलं?"

"भावापर्यंत."

"तेवढंच दाखव जाऊन. पुढचं तोंडी सांग तिला."

*

मी आणि मालनताई सटाण्याला गेलो. सुमनताईंनी पाणी दिलं, चहा ठेवला. लग्न करून तिकडे गेल्या त्या तिकडची अहिराणीच बोलायला लागल्यात. कॅमेऱ्याच्या त्या एवढ्याशा स्क्रीनवर त्यांनी बहिणीला बघितलं. डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. एकेका कडव्याला ओठ हलत होते. भावाचं कडवं आलं आणि गेलं.

"मंग?" त्या म्हणाल्या. "पुढे काय शे?"

"पुढे बॅटरी संपली."

"माझं कडवं म्हणलं तिनं?"

"म्हणलं, म्हणलं!" मालनताई लगेच म्हणाल्या. पण त्या ढोलकीच्या नादात असतात, आणि सुमनताई माझ्याकडे बघत होत्या.

"तू ऐकलं?"

मला हो म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं. पण मी तेव्हा पाटाखाली हात घालून सेल चाचपत होते, कान कुठे होते देव जाणे. मी म्हटलं, "ताई, मी... मी सेल शोधत होते."

सुमनताईंनी कॅमेरा माझ्या हातात परत दिला. "माझ्याच नावाला बरी संपते तुमची बॅटरी!"

मला तोंड लपवायला जागा नव्हती. आम्ही उठलो, चपला घातल्या. दारापर्यंत आलो तेव्हा मागून आवाज आला.

"नातीची हळद शे पुढल्या महिन्यात. तिला बोलवणार नव्हते मी. पण हे असं अर्धं ऐकून आता मला झोप नाही येणार. घेऊन या तिला."

*

तर सटाण्याची ती हळद. आम्ही चौघी गेलो. मी तयारीत होते. नवे सेल, चार्ज केलेले सेल, वेगवेगळ्या पिशव्यांत जादाचे सेल. वैशाली म्हणाली, "आता नुसती गाडीची बॅटरी राहिली, ती पण काढून आणू का?"

दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. सुमनताई नातीसमोर हळदीची वाटी घेऊन बसल्या. मावशी त्यांच्या समोर. मध्ये नवरी. मालनताईंनी ढोलकीवर थाप मारली आणि मी बटण दाबलं.

देव झाले. आई झाली, बाप झाले. काका, मामा. मावशींचा आवाज त्या दिवशी असा लागला होता की मागच्या स्वयंपाकाच्या बायकाही दारात येऊन उभ्या राहिल्या. भावाचं कडवं आलं. भावाचं कडवं संपलं.

आणि आवाज बंद!

मी झटकन स्क्रीन बघितली. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका चालू होता. बॅटरीची खूण भरलेली होती. मालनताईंनी ढोलकीवरचा हात थांबवून मला डोळ्यांनी विचारलं, गेली का? मी मान हलवली, नाही. तेव्हा कुठे मी कॅमेऱ्यावरून नजर उचलली.

मावशींचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही निघत नव्हतं. हात गुडघ्यांवर, डोळे समोरच्या वाटीवर. कोणीतरी खोकलं. सुमनताई नातीच्या गालाला हळद लावत होत्या, त्या थांबल्या. हळदीच्या हाताने त्यांनी ती वाटी उचलली आणि स्वतःच्या मांडीवर घट्ट धरून बसल्या.

"म्हन व माय," त्या म्हणाल्या. "मी काय आज उठी जास का?"