मावशींच्या डोक्यावरची टोपी

आमच्या घरात नवस, उतारा, अंगात येणं... काहीच नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच ते सगळं बंद झालं. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे हॅलोविन पार्टी होती. मुलांबरोबर फोटोला कुणीतरी 'विच' हवी होती. साफसफाईच्या हौसामावशी समोर दिसल्या आणि मी काळी टोकदार टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली.

"नगं ताई. वाडीत आदीच लोक कायबाय बोलत्यात," त्या म्हणाल्या. मावशी विधवा, डोंगरातल्या वाडीत एकट्याच राहायच्या.

"अहो मावशी, गंमत आहे!"

फोटो काढला, रिसेप्शनजवळच्या बोर्डावर लावला, वर स्टेटसलाही टाकला — 'आमची चेटकीण'. हॉटेलला दूध घालणारा त्यांच्याच वाडीतला. त्यानेही तो पाहिला.

दुसऱ्या दिवशी मावशी कामावर आल्या नाहीत. सकाळीच कार्ल्याची लेणी पाहायला आलेल्या एक कंबोडियन आजी बोर्डासमोर थांबल्या. त्यांची नात इंग्रजीत मला म्हणाली, "इंग्रजी गोष्टींतली विच म्हणजे झाडू आणि टोपी, मुलं हसतात. आमच्या ख्मेरमध्ये 'थ्मुप' म्हणजे माणसाच्या पोटात खिळे घालणारी. गावात कुणी आजारी पडलं की तिला शोधून मारतात. आजीच्या बहिणीला असंच शोधलं होतं."

आजींनी मावशींच्या फोटोवर हात ठेवला, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटल्या. नात ओशाळली. "आजी म्हणते, हिच्या दारातली चूल मोडलीये. पाण्याच्या पिंपात कोंबडी आहे. आत्ता जा."

मी मान डोलावली आणि मनात हसले. चेकआउटची गर्दी होती हो... उद्या जाऊ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गेले. दारातली चूल मोडलेली होती. पिंपात मेलेली कोंबडी तरंगत होती. आजी त्या वाडीत कधी गेल्याच नव्हत्या, त्यांच्या ड्रायव्हरलाही नंतर विचारलं मी.

शेजारची बाई दार किलकिलं करून म्हणाली, "काल दुपारपस्तोर हितंच बसली व्हती. म्हनायची, हाटेलातली ताई येईल, समद्यांना सांगंल की गंमत व्हती. मग बोचकं घेऊन गेली."

मावशींचा फोन तेव्हापासून बंद आहे. आजींना ते सगळं कसं दिसलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण त्या दुपारपर्यंत मी कुठे होते, ते मला पक्कं माहीत आहे. मी रिसेप्शनवर होते.